पाठमोरा जनरल

तुळशीचं लग्न झालं की माझे वडील मरायला लागत, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. दशावतारात ते राक्षसाचं काम करीत. गावोगावच्या जत्रांत देवाच्या हातून मरायचं, सकाळी तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसायचा आणि घरी येऊन पेज जेवायची, हा त्यांचा नेम. आम्हा मुलांना त्यात काही विशेष वाटत नसे. शेजारच्या पोरांचे वडील समुद्रावरून मासे घेऊन येत, आमचे मरून येत. आई चुलीपुढून न वळताच विचारायची, "आज कोणी मारल्यान?" बाबा म्हणायचे, "भीमान." "मगे बरां," असं म्हणून ती पेजेच्या ताटलीत खारातल्या कैरीची फोड टाकायची. भीम, नरसिंह, कृष्ण अशा खानदानी लोकांनी नवऱ्याला मारलं की तिला बरं वाटे. एखाद्या हलक्यासलक्या देवाने मारलं की तोंड वाकडं करायची.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. पश्चिमेला समुद्राची गाज आणि पूर्वेला शांतता, आणि या दोहोंच्या मध्ये आमच्या विहिरीच्या रहाटाची कुरकुर. मी आजही त्याच घरात राहते. रहाट गेला, पंप आला, पण पहाटे जाग आली की कान अजून त्या कुरकुरीची वाट बघतो. सुनेला हे सांगितलं तर ती म्हणते, "आई, कान दाखवून घ्या." असो. त्या दिवसांत घरात आम्ही तिघंच. माझा मोठा भाऊ सदानंद, आमचा दादा, फौजेत भरती होऊन उत्तरेला कुठेतरी सरहद्दीवर होता. महिन्याला त्याचं पत्र यायचं. आईला वाचता येत नसे आणि बाबांना अक्षर लावायला वेळ लागे, म्हणून वाचायचं काम माझं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि त्या कामाचा मला फार तोरा होता. पत्र वाचताना मी मध्येच थांबून पाणी मागायची, आणि आई निमूटपणे आणून द्यायची. एरवी तिने मला पाण्याच्या ऐवजी धपाटा दिला असता.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे त्या हिवाळ्यात दादाचं पत्र येणं थांबलं. रेडिओवर सरहद्दीबद्दल काहीबाही सांगत, पण त्यातून आमच्या सदाचं काय, हे काही कळत नसे. पोस्टमन सायकल न थांबवता पुढे जायचा. पहिला महिना गेला तेव्हा आई म्हणाली, कामात असेल. दुसरा गेला तेव्हा तिने दादाचं नावच घ्यायचं सोडलं आणि सोमवारचा उपास धरला. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या किनाऱ्यावर सिनेमावाले आले.

सिनेमा लढाईचा होता. आमची वाळू म्हणे कुठल्याशा परमुलखातल्या किनाऱ्यासारखी दिसे. शत्रू कुठला, हे कथेत सांगितलेलंच नव्हतं. त्याच्या सैनिकांना राखाडी कपडे आणि खांद्यावर जांभळी पट्टी होती, जगात कोणाच्याच नसतील अशी. कपड्यांची कापाकापी आणि जुळवाजुळव आमच्या शेजारच्या बस्त्यांव शिंप्याकडे आली, आणि ते कपडे घालायला गावातलेच तीसेक बाप्ये लागले. मजुरी आणि दोन वेळचं जेवण मिळत असल्यामुळे आठवडाभरात अर्धा गाव शत्रू झाला. जखमांचा लाल रंग संपला तेव्हा मेकअपवाल्याने आमच्याकडून कोकमाचं आगळ नेलं. घायाळ सैनिक दिवसभर स्वतःच्या जखमा चाटत बसलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

शत्रूच्या जनरलाचं काम करणारा नट काही मुंबईहून आला नाही. डायरेक्टरने आमच्या जत्रेत बाबांना मरताना पाहिलं होतं. तो स्वतः आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसला. बारीकसा, चष्मेवाला, मुंबईचा मराठी माणूस. सोलकढी पिता पिता म्हणाला, "मास्तर, हा जनरल शत्रूचा आहे, पण दुष्ट नाही. लढाईवरचा त्याचा विश्वास उडालाय."

परक्या माणसाशी बाबा जपून शुद्ध बोलत. त्यांनी विचारलं, "म्हणजे भ्यालाय?"

"नाही, भ्यालेला नाही. आपण कोणाला आणि कशासाठी मारतोय तेच त्याला कळेनासं झालंय. शेवटी तो हत्यार टाकून निघून जातो."

बाबांनी त्याचा पेला पुन्हा भरला. मग म्हणाले, "ह्याला मुलगा आहे?"

डायरेक्टरने वही चाळली. "कथेत तसं काही नाही."

"मग असणार," बाबा म्हणाले, आणि कामाला हो म्हणाले.

त्यांना किती आनंद झाला होता ते मी सांगते, कारण त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. आयुष्यभर या माणसाने डोळे वटारून, मुठी आपटून आरडाओरडा केला होता. आता पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना गप्प बसायला बोलावत होतं. त्या संध्याकाळी ते विहिरीपाशी उभे राहून नुसते चालून बघत होते. दमलेला माणूस कसा चालेल, टाच आधी टेकेल की पंजा. मी पडवीतून बघत होते आणि मला वाटलं, बाबा असे तर रोजच चालतात.

आईने मात्र दिवा लावला आणि मग वळून सांगितलं. ती ओरडली नाही. "राक्षसाच्या समोर देव उभो रवता. ह्या तुमच्या जनरलाच्या समोर कोण उभो आसा, म्हायत आसा? आपलो सदो."

"अगो, तो लढूक कंटाळलेलो आसा," बाबा म्हणाले.

"कंटाळलेल्याच्या हातात बंदूक आसाच मां?"

  आई पुढे म्हणाली, "तुमी काय व्हया तां करा. पण ते कपडे घालून माझ्या घरात येवचा नाय." झालं. त्या दिवसापासून बाबा सकाळी बस्त्यांवच्या दुकानात जाऊन जनरल व्हायचे आणि उन्हं कलली की तिथेच कपडे उतरवून माणसात यायचे. घरी आले की ताट वाढलेलं असे, पण वाढणारी समोर बसत नसे. आईला काही सांगायचं असलं की ती मला सांगे. बाबा दोन हातांवर बसलेले असले तरी, "त्येंका इचार, कढी व्हयी काय." मी विचारायची. बाबा मला सांगायचे. मी आईला सांगायची. माझी भाकरी त्यात गार होऊन जाई. आज हसू येतं, तेव्हा रडू यायचं, कारण आमच्या घरात भांडण म्हणजे भांड्याला भांडं लागून संपणारी गोष्ट होती. हे निराळं होतं. दादाचं पत्र येईपर्यंत हे असंच राहणार आणि पत्र आलंच नाही तर कायमचं असंच राहणार, हे मला कोणी न सांगता कळलं होतं.

पहिल्या दिवशी बाबांना नुसतं वाळूतून सुरूच्या झाडांकडे, कॅमेऱ्याला पाठमोरं चालायला लावलं, तेवढं छान झालं. खरी अडचण बोलण्याच्या वेळी आली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते, समोरचा काय बोलला ते ऐकायचं आणि तिथल्या तिथे आपलं बोलायचं, ही त्यांची रीत. पाठांतर करणाऱ्याला बाबा मनातल्या मनात कच्चा नट समजत. इथे हातात कागद आला. कागदावर हिंदी. मी घरी त्यांच्याकडून वाचून घेत बसायची आणि ते प्रत्येक वेळी निराळं बोलायचे, बहुतेक वेळा कागदापेक्षा बरंच. डायरेक्टरचा एक मदतनीस होता, तो ओठांची आणि शब्दांची जुळणी वहीत लिहून ठेवायचा. त्या बिचाऱ्याची वही बाबांच्या एका वाक्यापायी तीनदा खोडली गेली. शेवटी डायरेक्टर कंटाळून म्हणाला, "मास्तर, नंतर दुसऱ्याचा आवाज घालू. तुम्हाला हवं त्या भाषेत बोला. फक्त एकदा जे बोललात तेच पुन्हा बोला."

मोठा प्रसंग होता तो दिवस मला वाळूच्या चटक्यासकट आठवतो. जनरल आपल्या हरलेल्या सैन्यासमोर शेवटचं बोलतो, असा तो प्रसंग. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आई बाबांशी बोलत नव्हती, पण काळे वाटाणे मात्र आदल्या दिवशी आठवणीने भिजत घातले होते. तीस शत्रुसैनिक वाळूत रांगा धरून उभे. बस्त्यांव पुढच्या रांगेत, डोक्याला पट्टी, गळ्यात क्रूस राहिलेला कोणाच्या लक्षात आला नव्हता. सगळे सकाळपासून उन्हात, खरोखरच दमलेले. बाबा त्यांच्यासमोर आले, डोक्यावरची टोपी काढली. ते तोंडं बघत होते. ओळखीचीच तोंडं होती सगळी. पण त्या कपड्यांत ती कोणाचीही पोरं वाटत होती. मलाही वाटली. बाबांनी टोपी काखेत धरली, हात जोडले आणि बोलायला लागले. पहिल्या दोन शब्दांतच मला कळलं की हे कागदावरचं नाही.

आमच्याकडे काही शुभ असो, संकट असो, माणसं जमतात आणि एकजण सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. आमच्या वाडीत ते घालायला बाबांनाच पुढे करीत. प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते कोणी शिकवत नाही. तान्हं मूलही आईच्या काखेत ऐकून ऐकून म्हणायला लागतं.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "ह्या दर्याच्या, ह्या खाडीच्या, चारय वाटांच्या राखणदारा..."

आणि तीस शत्रुसैनिकांनी एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

डायरेक्टर खुर्चीतून अर्धा उठला. मदतनीसाने पेन वर धरलं ते तसंच राहिलं. पण कॅमेरा थांबवा असं कोणी म्हणालं नाही.

"आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. कोण पोटासाठी इलो, कोण हुकमासाठी इलो, कोणाक कोणी इचारल्यानय नाय."

"व्हय म्हाराजा."

"ह्यांच्या हातून जां काय वाकडां झालां आसात, तां माझ्या माथ्यार घाल. आयेच्या हातातून जसो झील नेलंस, तसो तिच्या हातात परत दी. हयलो हय, थयलो थय, आपलो-परको करू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." बस्त्यांवचा आवाज सगळ्यांत मोठा होता. म्हणून झाल्यावर त्याने गळ्यातला क्रूस चाचपला, बहुधा माफी मागायला. पुढे एकदा मी त्याला चिडवलं तेव्हा तो म्हणाला, "बाय, त्या वेळार गप रवणां जमाक व्हया मां?" मी स्वतः डबा हातात धरून म्हटलं होतं, तेव्हा मी कोणत्या तोंडाने त्याला चिडवत होते कोण जाणे.

डायरेक्टरने चष्मा काढून पुसला. त्याला सगळे शब्द कळले नव्हते, पण माणूस समजदार होता. जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, हेच हवं होतं. अगदी हेच. माणसांचा आवाज नंतर काढून टाकू. आता कॅमेरा जवळ आणतो, तुम्ही पुन्हा असंच्या असं बोला."

बाबा म्हणाले, "नाही येणार, साहेब."

"आठवत नाही का? हा लिहून घेईल."

"आठवतंय. पण गाऱ्हाणं एकदाच घालतात. देवाने ऐकलं. परत घातलं तर पहिलं खोटं होतं."

"मास्तर, हे नाटक आहे."

"मघाशी उभा राहिलो तेव्हा होतं," बाबा म्हणाले. "नंतर नव्हतं."

डायरेक्टर चिडला नाही. त्याने समजावलं, थोडी विनवणीही केली. दुसरं काहीतरी बोला, कागदावरचं बोला, नुसते ओठ हलवा. बाबा मान हलवत राहिले. त्यांना ते काम हवं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना ते किती हवं होतं ते त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण आता त्या जागी उभं राहून काहीही खोटं बोलायचं म्हणजे दादाच्या नावाने मागितलेलं परत घेण्यासारखं होतं, आणि मुलाच्या जिवावर कोण जुगार खेळेल? दुपारी डायरेक्टरने तारेने मुंबईहून दुसरा नट बोलावला. बाबा डबा न उघडताच बस्त्यांवच्या दुकानाकडे कपडे उतरवायला गेले.

मी धावत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. गाऱ्हाणं मी शब्द न् शब्द म्हणून दाखवलं. मुलगा परत मागण्याच्या ओळीला तिची बोटं थांबली. "परत म्हटल्यानी काय?" तिने विचारलं.

"नाय."

"आणि काम?"

"गेलां."

आईने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बस्त्यांवाकडे जा आणि त्येंका सांग, भात निवता." बाबा आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि बऱ्याच दिवसांनी आई त्यांच्यासमोर बसून वाढत होती.  माझी भाकरी त्या दिवशी गरम होती. आपलं चुकलं असं मात्र आई म्हणाली नाही. ते तिच्या स्वभावातच नव्हतं. जनरल हा शब्दही आमच्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

आठवड्याभरात दादाचं पत्र आलं. बर्फाने रस्ते बंद होते, टपाल अडकलं होतं, एवढंच. आई देवापुढे जाऊन बसली. बाबा खळ्यात जाऊन उगाच काजूची सुकी पानं गोळा करू लागले. पत्राच्या डोक्यावरची तारीख मी पाहिली होती. पत्र गाऱ्हाण्याच्या आधी तीन आठवडे लिहिलेलं होतं. मी वाचताना मजकुरापासून सुरुवात केली आणि तारीख गिळून टाकली. लहानपणी मी पुष्कळ खोटं बोलले, त्यातलं हे एक मला अजूनही पुन्हा बोलावंसं वाटतं.

सिनेमा कुडाळला लागेपर्यंत दुसरा उन्हाळा आला. दादा सुट्टीवर आला होता, काळा पडलेला, मिशा ठेवलेला. तो म्हणाला, जाऊया. बाबा म्हणाले, "माका काय बघूचा नाय, काजूच्यो बियो सुकत घातलेत, त्येंका राखण व्हयी." आई येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. कट्टा गावात गाडी बदलून आम्ही तिघं दुपारच्या खेळाला पोचलो. दादा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. सिनेमा खरं सांगायचं तर सामान्यच होता. नायक फार गात होता. शत्रूचा जनरल म्हणून एक देखणा, घोगऱ्या आवाजाचा नट होता आणि त्याने सैन्यासमोरचं भाषण अगदी कागदावरचं, मला पाठ असलेलं, एकही शब्द न चुकता म्हटलं. आई जांभया देत होती. दादाने तर दोनदा बंदूक धरण्याच्या पद्धतीला नाक मुरडलं.

मग शेवट आला. जनरलाने पिस्तूल वाळूत टाकलं, पाठ फिरवली आणि तो निघाला. आणि मी दादाचं मनगट धरलं. ती पाठ त्या नटाची नव्हती. डावा खांदा किंचित खाली, मान थोडी पुढे. वर्षानुवर्षं राक्षसाचा जड मुकुट वाहून लागलेली सवय. पहिल्या दिवशी घेतलेला तो तुकडा सिनेमावाल्यांनी तसाच ठेवला होता. सिनेमातल्या कोणालाच तो माणूस कुठे निघालाय ते माहीत नव्हतं. संगीतसुद्धा असं होतं की तो आता जगातूनच चालला आहे. आम्हाला मात्र माहीत होतं. त्या दोन होड्यांच्या मधून गेलं आणि सुरूंच्या पलीकडे डावीकडे वळलं की आमचंच खळं लागतं.

दादा हळूच म्हणाला, "बाबा."

आई पुढे वाकून बसली होती. बाबा सुरूंपाशी पोचले तशी ती बोलली, घरातल्या घरात बोलावं तितक्या मोठ्याने, मागच्या माणसाने "गप बसा हो" म्हटलं तरी न थांबता. "सदा, त्येंका सांग, बस्त्यांवाकडे थांबा नको. कपडे आसत तसेच घरात येवा म्हणान."

दादाने पडद्यावरची नजर काढली नाही. "सांगतंय, आये," तो म्हणाला.